कौतिकआत्याला जागा पसंत पडत नाही

“इथे नको,” आत्या म्हणाली. “या शाळेचा फळा फुटका आहे.”

मी फळ्याकडे पाहिलं. एका कोपऱ्यात टवका उडाला होता, हे खरं. पण त्या फळ्याखाली झाडून सतरंजी अंथरलेली होती, डोक्यावर पंखा फिरत होता आणि दारात गुरुजी बिस्किटांचे पुडे घेऊन आमच्याकडे आशेने बघत होते.

“आत्या, आपल्याला झोपायचंय. पाढे लिहायचे नाहीत.”

“फुटक्या फळ्याखाली झोपलं की माणसाला विसराळूपणा येतो.”

“कोणी सांगितलं?”

“विसरले,” आत्या म्हणाली आणि पिशवी उचलून चालायला लागली.

“ताई, चौथीच्या वर्गातला फळा नवा आहे हो!” गुरुजी मागून ओरडले. आत्याने वळूनही पाहिलं नाही.

चैत्राचं ऊन अजून उतरलेलं नव्हतं. आम्ही अमळनेरकडून सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालो होतो. खानदेश हे देवीचं माहेर, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे चैत्रातल्या यात्रेला आम्ही भक्त म्हणून कमी आणि मुलीकडची मंडळी म्हणून जास्त जातो. चालण्यातही तो तोरा असतो. आमच्या गावच्या मंडळाचा टेम्पो भोंगा वाजवत सकाळीच पुढे निघून गेला होता, कारण आत्याच्या दोन्ही तळपायांना फोड आले होते आणि ती कासवाने ओव्हरटेक करावं अशा वेगाने चालत होती. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो, म्हणजे घरीच होतो. म्हणून तिच्याबरोबर मला ठेवलं होतं. “कौतिकला पायी गडावर पोचव,” वडिलांनी बजावलं होतं. “मध्येच गाडीत बसवून आणलंस, तर तूही येऊ नको.”

त्या संध्याकाळी तिला पाय वर करून बसायला जागा मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवशी गड सोडा, समोरचा बांधही तिला चढता आला नसता. मला हे कळत होतं. तिलाही कळत होतं. आणि तरी तिने दुपारपासून तिसरी जागा नाकारली होती.

पहिली पेट्रोल पंपामागची. तिथे गाद्या होत्या. आत्याला डिझेलचा वास आला. मी म्हटलं, पंपावर दुधाचा वास कसा येईल? दुसरी मारुतीच्या देवळातली. तिथला पुजारी पिठलं-भाकरी वाढायला निघाला होता. आत्या म्हणाली, मारुती ब्रह्मचारी, त्याच्या दारात बाईमाणसाने मुक्काम करू नये. पुजारी म्हणाला, मावशी, माझी बायको इथेच राहते. आत्या म्हणाली, ते त्याला विचारा.

शाळेनंतर एक कोंबड्यांचं शेड आलं. मालक स्वतः रस्त्यात आडवा आला.

“या, या माहेरची मंडळी! कोंबड्या कालच गेल्या. जागा अजून गरम आहे.”

मी आत्याकडे पाहिलं. या वेळी मात्र मी तिच्या बाजूने होतो.

“जागा चांगली आहे,” आत्या म्हणाली. मी दोन पावलं मागे सरकलो. “पण कोंबड्या गेल्या कुठे?”

मालक जरा घुटमळला. “गेल्या. म्हणजे... मालेगावला.”

“मग इथे सुतक आहे,” आत्या म्हणाली आणि निघाली.

आत्या घरात अहिराणी बोलते. इथे मी तिचं मराठी करून लिहितोय, कारण अहिराणीत ती आणखी धारदार आहे आणि ते छापायला कोणी धजणार नाही.

शेडच्या पुढे तिने डांबरी रस्ता सोडला आणि एका कच्च्या वाटेला वळली.

“आत्या, कळवण सरळ आहे.”

“हा जवळचा रस्ता आहे.”

“तू इकडे कधी आली होतीस?”

“देवी वाट दाखवते.” देवी वाट दाखवत होती आणि आत्या प्रत्येक वळणावर न थांबता वळत होती. दोन्ही बाजूंना कांदा काढून शेतात ढीग घातले होते. एका लिंबाखाली ती थांबली, चप्पल काढून तळपाय बघितला, आणि समाधानाने मान हलवली. फोड बघून समाधान पावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“पाय पुसून देऊ का? पाणी आहे बाटलीत,” मी म्हटलं.

“हात लावू नको!” ती केवढ्याने तरी ओरडली. “धूळ राहू दे. चांगली बसली आहे.”

तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण इंजिनिअरिंगमध्ये आम्हाला धुळीबद्दल वेगळं शिकवलं होतं.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा आम्ही पिंपळखोरे नावाच्या गावाच्या वेशीशी आलो. पारावर एक म्हातारबुवा बसले होते. आम्हाला बघताच त्यांनी विडी विझवली.

“माहेरची मंडळी का? किती जण?”

“दोघं,” मी म्हटलं. “आजोबा, एखादी शाळा, देऊळ, फळा वगैरे चांगला असलेलं—”

“शाळा कशाला? आमच्या गावात यात्रेकरू घरी ठेवतात. पाळी लावलेली असते. आज देवऱ्यांची पाळी. त्यांच्या कांद्याच्या चाळीत झोपायचं. चाळ रिकामी आहे, वारा छान येतो.”

“चला तर,” आत्या म्हणाली. फळा, वास, ब्रह्मचर्य, सुतक, काही नाही. चला तर.

“पण आधी पाय धुवून घ्यावे लागतील हां,” म्हातारबुवा म्हणाले. “देवी आमच्याकडे सासरी नांदते. म्हणजे तुम्ही आमचे व्याही. तुमचे पाय धुतल्याशिवाय गावात कोणी आत घेत नाही. आणि धुवायचे ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईने. सुनेने धुतलेले चालत नाहीत.”

“माहीत आहे,” आत्या म्हणाली. मग पटकन म्हणाली, “म्हणजे, तसंच असायला पाहिजे.”

देवरे. पिंपळखोरे. माझ्या डोक्यात कुठेतरी बारीक दिवा लागला. आत्याची मुलगी रत्नाताई देवऱ्यांकडे दिलेली होती. तिच्या लग्नाला मी शाळेत होतो, आणि वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये मी झोपलेलाच आलो आणि झोपलेलाच परत गेलो होतो. मधलं लग्न तेवढं मला आठवत होतं.

“आत्या,” मी चालता चालता म्हटलं, “हे रत्नाताईचं गाव आहे.”

“असं का?”

“तिने तुला फोनवर सांगितलं होतं. आज यांची पाळी आहे ते.”

“मुलगी आईशी बोलेल नाही तर काय?”

“म्हणून तू काल मुद्दाम लवकर थांबलीस आणि आज सगळ्या जागा नाकारल्यास.”

आत्या थांबली. तिने पदर सारखा केला. “चेत्या,” ती म्हणाली, “आज ठकूबाई माझ्या पायाशी वाकणार. आणि मी सांगणार, पाणी गार आहे.”

हे समजायला ते लग्न समजलं पाहिजे. लग्नात मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे असतात. आत्या पितळी परात घेऊन बसली, तर रत्नाताईच्या सासूबाई, म्हणजे ठकूबाई, भर मांडवात म्हणाल्या, पाणी गार आहे. आत्याने तापवून आणलं. ठकूबाई म्हणाल्या, पोळतंय. आत्याने विसण घालून आणलं. ठकूबाई म्हणाल्या, परत गार झालं. तेव्हा आत्या उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “विहीणबाई, पाय धुवायचे आहेत की शिजवायचे आहेत?” सगळा मांडव हसला. वाजंत्रीवाला इतका हसला की सनई आत ओढली गेली. ठकूबाई जेवल्या नाहीत. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या.

तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून सासरी जातो आणि लेकीला घेऊन येतो. झाडांना झोके बांधतात. आत्याचे यजमान होते तोवर ते रत्नाताईला आणायचे. ते वारले आणि गाडी अडली. आत्या म्हणे, त्यांचं बोलावणं आल्याशिवाय मी माणूस पाठवणार नाही. ठकूबाई म्हणत, माणूस आल्याशिवाय मी सून पाठवणार नाही. रत्नाताई रोज फोनवर दोघींची समजूत काढायची आणि आखाजीला सासरीच पुरणपोळ्या लाटायची. कितीतरी आखाज्या अशा गेल्या होत्या. पुढची तीन आठवड्यांवर आली होती.

“आत्या,” मी म्हटलं, “तू आज ‘पाणी गार’ म्हणालीस ना, तर रत्नाताई म्हातारी होईपर्यंत माहेरी येत नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय! एवढं चालून आले ते काय गप्प बसायला?” असं म्हणून ती देवऱ्यांच्या अंगणात शिरली.

अंगणात एका बाजूला कांदा साठवायची चाळ होती, लाकडी पट्ट्यांची, लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखी. दुसऱ्या बाजूला घर. ओट्यावर ठकूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. आत्याने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता, पण आत्याचं नाक पदरात मावणारं नाही. ठकूबाईंनी क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, नीट घडी करून कमरेला खोचला आणि हात पुढे करून चाचपडत उठल्या.

“माहेरची मंडळी का? या हो. मला बाई संध्याकाळचं काही दिसत नाही.”

परात आली. ठकूबाई खाली बसल्या. आत्या ओट्याच्या कडेला बसली आणि तिने धुळीने माखलेले दोन्ही पाय परातीत ठेवले. राणीने सिंहासनावर बसावं तशी बसली होती. फक्त राणीच्या पायांना एवढे फोड नसतात.

“कुठल्या तुम्ही?” ठकूबाईंनी विचारलं.

“अमळनेराकडच्या.”

“अमळनेराकडे आमची विहीण असते.”

आत्या म्हणाली, “हो का? कशी आहे?”

“तोंडाने तिखट आहे,” ठकूबाई पाणी ओतत म्हणाल्या. “पण मुलगी सोन्यासारखी दिली.”

आत्याचा अंगठा परातीत हलला. ठकूबाईंनी एक पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि फोडांच्या कडेकडेने, कापसाने पुसावं तसा हात फिरवला. संध्याकाळचं काही न दिसणाऱ्या बाईला एकेक फोड बरोबर सापडत होता.

“पाणी कसं आहे?” त्यांनी विचारलं.

आत्याने तोंड उघडलं. धुळ्यापासून ती हे वाक्य मनात घोळवत आली असणार. मी डोळे मिटून घेतले.

“गार असलं तर सांगा,” ठकूबाईच पुढे म्हणाल्या. “सांगायला हरकत नाही. मीसुद्धा एकदा सांगितलं होतं. खरं तर ते पाणी चांगलं होतं. पण माझी सासू माझ्या मागे बसली होती. मुलाची आई आहेस, जरा रुबाब दाखव, म्हणून पाठीत चिमटे काढत होती. गार म्हण. पोळतंय म्हण. परत गार म्हण. पाठ हिरवीनिळी झाली होती माझी.”

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. मग ते मिटलं.

“तुमच्या विहिणीनेही तसं बोलायला नको होतं,” ती म्हणाली. “शिजवायचे आहेत का म्हणून. भर मांडवात.”

ठकूबाईंचा हात थांबला. “ती काय बोलली ते तुम्हाला काय माहीत?”

मी आत्याकडे पाहिलं. आत्याने पदराकडे पाहिलं.

“अमळनेरात सगळ्यांना माहीत आहे,” आत्या म्हणाली.

“असेल,” ठकूबाई म्हणाल्या आणि दुसरा पाय मांडीवर घेतला. “आणि पाणी?”

“चांगलं आहे,” आत्या म्हणाली. “कोमट आहे.”

तेवढ्यात रत्नाताई टॉवेल घेऊन बाहेर आली. तिने सासूच्या मांडीवर आईचा पाय पाहिला. “आ—” एवढंच ती म्हणाली.

“सूनबाई, यात्रेकरू आल्या आहेत,” ठकूबाई मान वर न करता म्हणाल्या. “खोबरेल आण, हळद आण. आणि दूध बघ, उतू जाईल.”

रत्नाताई वळून आत गेली. तिची पाठ गदगदत होती. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. आमच्या घराण्यात दोन्ही पाठीमागून सारखंच दिसतं.

या सगळ्याला एकच माणूस तयार नव्हता, तो म्हणजे रत्नाताईचा नवरा. समाधानदाजी ट्रॅक्टर घेऊन अंगणात आले, उडी मारून उतरले आणि जागच्या जागी थिजले.

“मामी! तुम्ही कधी आलात?”

“कोण मामी?” ठकूबाई कडाडल्या. “ओळख ना पाळख, मामी काय म्हणतोस? देवीच्या माहेरच्या आहेत.”

“अगं पण आई, ह्या तर आपल्या—”

“हातपाय धू आधी.”

दाजींनी सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, “तुमचा मुलगा का? चांगला आहे हो. कुठली केली सून?”

दाजी हळूच माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, “तू तरी चेतनच आहेस ना?”

“खात्री नाही, दाजी,” मी म्हटलं. “आज इथे जो तो दुसराच कोणीतरी आहे.”

जेवणं झाली. शेवभाजी होती आणि ती आत्याला आवडते तशी जहाल होती, हा निव्वळ योगायोग, असं ठकूबाईंनी दोनदा सांगितलं. मग झोपायचा प्रश्न आला. रत्नाताई म्हणाली, मावशींना, म्हणजे या यात्रेकरू मावशींना, आत पलंगावर झोपू द्या. आत्या म्हणाली, यात्रेत पलंग चालत नाही, आम्ही चाळीतच झोपणार. तर रत्नाताई गोधडी घेऊन चाळीत आली. यात्रेकरूंचे पाय दाबणं ही देवीची सेवा आहे, म्हणाली, आणि आत्याच्या कुशीला आडवी झाली. पाच मिनिटांत ठकूबाई उशी घेऊन हजर.

“सून परक्या माणसांजवळ एकटी कशी झोपेल?” त्या म्हणाल्या आणि आत्याच्या दुसऱ्या बाजूला पसरल्या.

शेवटी दाजीही आले. “घरात मी एकटाच काय करू?” त्यांनी मला विचारलं. मी सरकून त्यांना जागा करून दिली. असं सगळं देवरे कुटुंब चांगल्या स्लॅबच्या घराला कुलूप लावून कांद्याच्या चाळीत झोपलं, म्हणजे पुरुष झोपले. तिघी बायकांची कुजबुज आणि मध्येच दाबलेलं हसू लाकडी पट्ट्यांमधून बाहेर जात असावं, कारण शेजारच्याने बॅटरी मारून विचारलं, “समाधान, चाळीत कांदा भरला का रे? आवाज येतोय.”

सकाळी ठकूबाईंनी आत्याच्या पायांना स्वतः फडकी बांधली. ओटी भरली. आम्ही पिशव्या खांद्याला लावल्या. रत्नाताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि दोघींकडे आलटून पालटून बघत होती. सगळं छान झालं होतं, पण ज्याच्यासाठी व्हायला हवं होतं ते कोणी बोललंच नव्हतं. दोघी परक्या बायका असल्यावर आखाजीचं बोलणार कोण?

अंगणाच्या टोकापर्यंत आल्यावर ठकूबाई म्हणाल्या, “बाई, एक काम कराल? अमळनेराकडे जालच परत. आमच्या विहिणीला एक निरोप द्याल?”

आत्या थबकली. “देईन की. काय सांगू?”

“म्हणावं, आखाजीला मुऱ्हाळी पाठवा. सून वाट बघते. मीच बोलावलं आहे म्हणून सांगा.”

“सांगेन,” आत्या म्हणाली. “पण ती बाई हट्टी आहे, असं ऐकलंय.”

“म्हणून तर तुमच्याजवळ निरोप देते. तुमचं ऐकेल ती.”

आत्याने डोळे मिटले. कोणाला तरी आत जाऊन विचारून यावं, एवढा वेळ ती तशीच उभी होती.

“पाठवेल,” ती म्हणाली. “माणूस पाठवेल ती.”

मागे दार वाजलं. रत्नाताई आत पळाली होती.

आत्या पायीच गडावर पोचली. शेवटच्या पायऱ्या तिने बसत, उठत, मला शिव्या देत चढल्या. देवीपुढे उभी राहिल्यावर मी विचारलं, काय मागितलंस? ती म्हणाली, मागायचं काय, आपण माहेरची माणसं, ख्यालीखुशाली विचारून आले.

आखाजीच्या आदल्या दिवशी मुऱ्हाळी म्हणून मी एसटीने पिंपळखोऱ्याला गेलो. रत्नाताई पिशवी भरून ओट्यावरच बसली होती. दाजींनी मला बघून आधी नाव विचारलं आणि खात्री करून घेतली. ठकूबाईंनी चहा दिला.

“आत्या कशी आहे रे तुझी?” त्या म्हणाल्या. “लग्नानंतर दृष्टीस पडली नाही.”

“बरी आहे, मावशी. निरोप मिळाला तिला.”

“ती यात्रेकरू बाई भली होती हो. बोलायला मोकळी. विहिणीला जपून बोलावं लागतं, लुगडं-पातळ, मानपान, कोण कुठे बसलं, कोण आधी उठलं. त्या बाईचं तसं काही नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “पुढच्या चैत्रात तिलाच घेऊन ये.”

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. रत्नाताईची एकही आखाजी त्यानंतर सासरी गेली नाही. विहीण म्हणून कौतिकआत्याने त्या घरात आजवर पाऊल ठेवलेलं नाही. दर चैत्रात ती तिथे मुक्कामाला असते.